डाळ मिलचं काम सुटलं, आता पुढे काय?



गेल्या काही दिवसांत गटांच्या बैठकांमधून एकच प्रश्न आमच्याकडे फिरून फिरून येतोय. जळगावकडच्या बाया विचारतात, धुळ्याकडच्याही विचारतात. "ताई, मिलमध्ये नवं मशीन आलं. मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नका. आते काय करानं?" कुणी डाळ मिलमध्ये निवडायला होती, कुणी जिनिंगमध्ये कापूस टाकायला, कुणी चटईच्या कारखान्यात. वर्षानुवर्षं पहाटे उठून भाकरी थापायच्या, डबा बांधायचा, रिक्षात दाटीवाटीने बसायचं आणि संध्याकाळी अंधार पडता परत यायचं. ते सगळं एका वाक्यात संपलं.

घरातल्या पुरुषाचं काम सुटलं तर शेजारीपाजारी विचारायला येतात. बाईचं सुटलं तर म्हणतात, "बरं झालं, आता घरात लक्ष दे." तिच्या पैशांतून मुलीच्या शाळेची फी जात होती, सासूच्या गोळ्या येत होत्या, गटाचा हप्ता भरला जात होता, हे दोन महिन्यांनी सगळ्यांच्या ध्यानात येतं. तोवर ती दुकानदाराकडे उधारीला लागलेली असते. म्हणून आज याच विषयावर बोलायचं आम्ही ठरवलंय.

आधी एक गाठ मनातून सोडवू. काम सुटलं ते तुमच्या हाताला वेग नव्हता म्हणून नाही. जळगाव हे डाळ मिलचं मोठं केंद्र. पूर्वी मिलमध्ये बाया ओळीने सूप घेऊन बसायच्या. काळा दाणा, खडा, साल राहिलेली डाळ वेचून काढायच्या. आता ते काम सॉर्टेक्सचं मशीन करतं. वरून डाळ पडत असते, कॅमेरा प्रत्येक दाण्याचा रंग बघतो आणि वेगळा दिसला की हवेच्या फुंकरीने त्याला बाजूला उडवतो. माणसाचा डोळा त्या वेगाला पुरत नाही. जिनिंगचंही तसंच. केंद्र सरकारने 2000 साली कापसासाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, त्यात जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला मदत मिळाली. टोपल्यांनी कापूस वाहून जिनवर टाकण्याची जागा हवेने कापूस ओढणाऱ्या नळ्यांनी आणि आपोआप कापूस सोडणाऱ्या यंत्रांनी घेतली. रुई स्वच्छ निघू लागली, हे खरं. टोपल्या वाहणाऱ्या बायांचं पुढे काय, हा प्रश्न मात्र त्या अभियानात कुणी फारसा विचारला नाही, असं आमचं मत आहे.

खानदेशाला हा धक्का नवा नाही. जळगावात मुळजी जेठांची कापड मिल 1870 नंतरच्या दशकात उभी राहिली. अमळनेरला प्रताप शेठजींची प्रताप मिल, धुळ्याला न्यू प्रताप मिल. या मिलच्या भोंग्यावर वस्त्यांच्या चुली पेटायच्या. जळगाव-धुळ्याचे ते भोंगे कधीच बंद झाले. तेव्हा कामगारांच्या घरातल्या बायांनीच पापड लाटून, भाजी विकून, दुसऱ्यांची धुणीभांडी करून घर चालवलं.

आता कामाचं बोलू. काम सुटल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत नवीन धंद्याच्या मागे लागू नका. आधी जुन्या कामाचा हिशोब पुरा करा. मुकादमाने कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मागितला तर देऊ नका. वहीत लिहून काढा, कोणत्या वर्षी लागलो, कुठल्या महिन्यापर्यंत होतो, रोज किती मिळायचा, सोबत कोण कोण होतं. हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, बँकेचं पासबुक, गेटपास, जे हाताशी असेल ते एका पिशवीत ठेवा.

वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यात प्रॉव्हिडंट फंड, म्हणजे पीएफ, लागू होतो आणि ठेकेदाराकडून लागलेल्या बाईलाही तो लागू होतो. तुमच्या पगारातून साधारण 12 टक्के कापले जात असतील तर मालकाच्या बाजूनेही तेवढाच वाटा पडायला हवा. तुमचा बारा आकडी यूएएन नंबर मागून घ्या. पुष्कळ बायांचे पैसे अडकतात ते नावावरून. आधारवर सासरचं नाव, कारखान्यात माहेरचं, नाहीतर जन्मतारीख वेगळी. ही दुरुस्ती कारखान्याशी संबंध चांगले आहेत तोवरच करून घ्या, नंतर चपला झिजतात.

वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला कारखान्याने कमी केलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई, असा कायदा आहे. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी. आणि ही पुढची गोष्ट जिनिंगच्या बहिणींनी कान देऊन ऐकावी. हंगामी कारखान्यातल्या कामगारालाही ग्रॅच्युइटी असते. दर हंगामामागे सात दिवसांचा पगार असा तिचा हिशोब असतो. हंगामात कारखाना जितके दिवस चालला, त्याच्या पाऊण हिस्सा दिवस तुम्ही कामावर हव्या. "आमचं तर चार महिन्यांचंच काम, आम्हाला कसली ग्रॅच्युइटी," असं म्हणून बाया हक्काचे पैसे सोडून देतात. दहा-बारा हंगाम केलेल्या बाईची ती रक्कम काही लाखांत जात नाही, पण नव्या कामाचं पहिलं भांडवल त्यातून उभं राहू शकतं.

मालक ऐकत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार कार्यालय आहे. वकील लागला तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. एकटीने जाऊ नका, पाच-सहा जणी मिळून जा. साहेब एकीला "उद्या या" म्हणतो, सहा जणींना खुर्ची देतो.

हिशोब मार्गी लागला की मग पुढच्या कामाचा विचार. इथे आम्हाला खानदेशातलीच एक गोष्ट सांगावीशी वाटते. जळगावात केळीची भुकटी करणारा एक कारखाना होता, तो चालेना. 1978 साली भवरलाल जैन यांनी तो विकत घेतला. त्यांनी पुन्हा केळीची भुकटी करायचा हट्ट धरला नाही. कारखान्यात फेरबदल केले आणि पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. हे पपेन औषधात आणि खाद्य उद्योगात लागतं, ते परदेशी जाऊ लागलं. अमळनेरची गोष्ट तर त्याहून लांब गेली. तिथे 1945 साली वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली, तीच आजची विप्रो. संगणकाच्या धंद्यातली आयबीएम ही मोठी अमेरिकन कंपनी 1970 नंतरच्या दशकात भारतातून गेली, ती मोकळी जागा या तुपाच्या कंपनीने हेरली.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे पैसा होता, आमच्याकडे काय आहे? बरोबर आहे. पैशाची बरोबरी होणार नाही. आम्हाला त्यातली विचार करायची रीत तेवढी घ्यायची आहे. केळीचा कारखाना बंद पडला, तरी इमारत, माणसं, माल वाळवायची-साठवायची माहिती जागेवरच होती. तसंच आपल्या कामाचं करून बघायचं. "मी डाळ मिलला होते" हे एक वाक्य झालं. त्याचे तुकडे करा. तुरीचा दाणा दाताखाली धरून ओल आहे की नाही हे तुम्हाला कळतं. कीड कुठून लागते ते कळतं. डाळीची प्रत नजरेने ओळखता. वजन करता येतं, पोतं शिवता येतं. तुमच्यातली एखादी दहा जणींची हजेरी ठेवायची, मुकादमाशी बोलायची, कुणाची तब्येत बिघडली तर तिची पाळी दुसरीला लावून द्यायची. ही सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे गिऱ्हाईक आहे. दोंडाईच्याच्या मिरचीच्या बाजारात देठ खुडणारी बाई मिरचीचा रंग आणि वाळवण ओळखते, मग मसाला करणाऱ्या गटात तिची जागा आहे. पुरणाचे मांडे खापरावर टाकणारी बाई तर लग्नसराईत बोलावून न्यावी लागते, तरी ती स्वतःला "मला काही येत नाही" असंच सांगते.

गटात बसून हे करा. स्वतःचं स्वतःला सुचत नाही, शेजारणीला आपलं कसब जास्त दिसतं.

आता डाळीचंच उदाहरण घेऊन हिशोब मांडू, कारण "धंदा करा" म्हणणारे पुष्कळ भेटतात, पाटीवर आकडे मांडून दाखवणारे थोडे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने छोटी डाळ मिल तयार केली आहे, गावात गटाला चालवता येईल अशी. समजा अशी मिल जवळपास आहे आणि तिथे तुम्ही तूर भरडून आणता. क्विंटलभर तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते, आपण 72 धरू. समजा तूर 70 रुपये किलोने घेतली, म्हणजे 7000 रुपये. भरडणावळ, डाळीला लावायचं तेल, पिशव्या, गाडीभाडं मिळून 800. खर्च झाला 7800. डाळ 120 रुपये किलोने विकली तर 8640 रुपये. चुनी 20 किलो निघाली आणि गुरांसाठी 20 रुपयांनी गेली तर 400. आले 9040. हाती राहिले 1240 रुपये.

मिलमध्ये तुम्हाला 300 रुपये रोज होता आणि महिन्याचे 25 दिवस भरत होते असं धरा, म्हणजे 7500. तेवढेच पैसे यायला महिन्याला सहा क्विंटल तूर भरडावी लागेल. त्याची डाळ 432 किलो. एक घर महिन्याला चार किलो डाळ खातं असं धरलं तर तुम्हाला 108 घरं हवीत, आणि ती रोखीने घेणारी हवीत. सहा क्विंटल तूर घ्यायला 42000 रुपये आधी गुंतवावे लागतील. शिवाय तूर बाजारात येते ती मुख्यतः पौष-माघाच्या सुमाराला. तेव्हा साठवली नाही तर पुढे भाव चढतो, आणि साठवायची तर भांडवल आणखी हवं, कीड लागू न देण्याची जागा हवी.

दर तुमच्या बाजारातले घाला, उत्तर बदलेल. पण ही बेरीज केल्याशिवाय एक रुपयाही टाकू नका. बेरीज करून "हे मला झेपणार नाही" असं उत्तर आलं तर ते चांगलं उत्तर आहे, पैसे वाचले. तिघी मिळून करणार असाल तर 108 घरांचा आकडा तिपटीने वाढतो, हे विसरू नका. गट म्हटला की बाया आधी खर्च वाटून घेतात, गिऱ्हाईक वाटायची वेळ आली की भांडण होतं.

मुंबईच्या गिरणगावातली गोष्ट इथे उपयोगी पडेल. तिथे कोकणातून, घाटावरून आलेले कामगार खोली करून राहायचे आणि खाणावळीत जेवायचे. खाणावळी चालवायच्या बायाच. हाताला चव होती, गिऱ्हाईक बांधलेलं होतं, तरी पैसा उरत नव्हता, कारण वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पहिल्या 14 जणींना बँकेचं कर्ज मिळालं. त्यांचं काम बदललं नाही, उधार घ्यायची जागा बदलली, आणि उरणारा पैसा घरात राहू लागला. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि कित्येक जण नंतर कामावर परत गेलेच नाहीत. ज्या खाणावळीचा सगळा डोलारा एका गिरणीच्या जेवणाऱ्यांवर होता, तिचं चूल्हाण गिरणीबरोबरच थंडावलं. म्हणून आम्ही सांगतो, नवं काम निवडताना गिऱ्हाईक एकाच ठिकाणचं नसावं. डबे द्यायचे तर सगळे एकाच कंपनीच्या गेटवर देऊ नका.

लिज्जत पापडाची सुरुवात तुम्ही ऐकलीच असेल, 15 मार्च 1959, गिरगावात सात जणी आणि उसने घेतलेले 80 रुपये. ती गोष्ट सांगून लोक थांबतात. आम्हाला त्यातली वेगळी बाजू महत्त्वाची वाटते. तिथे लाटणारी बाई घरी पीठ नेते, पापड लाटून आणून देते आणि मजुरी घेते, विकायला तिला दारोदार फिरावं लागत नाही. विकणारं वेगळं कुणी आहे. आपल्या गटांत उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, उडदाचे पापड ढिगाने होतात आणि दिवाळीपर्यंत डब्यात पडून राहतात, कारण लाटणाऱ्या वीस असतात आणि बाजारात उभी राहणारी एकही नसते. गटातली बोलकी बाई त्या कामाला सोडा आणि तिला त्याची मजुरी द्या, फुकट राबवू नका.

शिलाईबद्दलही सांगून टाकतो. काम सुटलेल्या प्रत्येक बाईला कुणीतरी शिलाई मशीन घ्यायला सांगतं. गावात आधीच डझनभर मशिनी असतील तर तेरावी घेऊन ब्लाऊजचा भाव पडतो, एवढंच होतं. आधी गावात मोजा.

सगळ्यांनी धंदाच करावा असं आमचं मुळीच म्हणणं नाही. महिन्याला ठरलेला पगार हवा वाटणं यात कमीपणा नाही. शिकायचं असेल तर जिल्ह्याजिल्ह्यात बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, तिला आरसेटी म्हणतात. प्रशिक्षण फुकट, राहणं-जेवणही तिथेच. ही कल्पना मूळची कर्नाटकातल्या उजिरेची, 1982 सालची, नंतर देशभर गेली. तिथे जाताना विचारा की हे शिकून बाहेर पडलेल्या बाया आज काय करताहेत, आणि त्यांतल्या दोघींना भेटून या. 'उमेद'च्या गटात असाल तर पशुसखी, कृषीसखी, बँक सखी अशी कामं असतात. जनावरांची जाण असलेल्या बाईला पशुसखीचं काम साजेसं आहे. अंगणवाडी मदतनिसाला आता बारावी लागते आणि वयाचीही अट असते, म्हणून शाळा अर्धी सुटलेल्या तरुण बहिणींनी मुक्त विद्यालयातून परीक्षा द्यायचा विचार आताच करावा. खाण्याचे पदार्थ करणाऱ्या गटासाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून सभासदामागे 40000 रुपयांपर्यंत बीज भांडवल गटाच्या संघामार्फत मिळू शकतं. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, केळीचे वेफर्स करणाऱ्या बहिणींनी त्याची चौकशी करावी.

आणि दोन ठिकाणी सावध राहा. फोनवर "घरबसल्या पॅकिंगचं काम, आधी नोंदणीचे पाचशे भरा" असा निरोप आला की तो पुसून टाका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. दुसरं म्हणजे आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज. मजुरी बंद असताना जुना हप्ता फेडायला नवं कर्ज घेतलं की त्यातून बाहेर पडायला वर्षं जातात. त्यापेक्षा गटात उघड सांगा की माझं काम सुटलंय, दोन महिने हप्ता कमी घ्या. गट त्यासाठीच काढला होता.

घरात मात्र एक बोलणं लवकर करून घ्या. काम सुटलेली बाई दिवसभर घरी दिसली की सगळ्यांची कामं तिच्याकडे सरकतात. नातवंडं सांभाळ, पाहुण्यांना चहा टाक, दुपारी गव्हं निवड. महिनाभरात तिच्याकडे नवं काही शोधायला तासही उरत नाही. नवऱ्याला, सासूला बसवून सांगा की अकरा ते दोन मी कामाच्या शोधात आहे, मिलमध्ये होते तशीच.

तुरीला अजून अवकाश आहे. ज्यांना डाळीचं करून बघायचंय त्यांनी यंदा सहा क्विंटलच्या मागे लागू नये. पंचवीस किलो तूर घ्या, भरडून आणा, गल्लीतल्या दहा घरांना द्या, आणि महिन्याने त्यातली किती घरं स्वतःहून परत मागायला आली ते वहीत लिहा. तो आकडा घेऊन पुढच्या बैठकीला या.